आरमोरीहून मुंबई किती तास?

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे आणि ते तोडण्यास प्रवासी विमानाला साधारणपणे दीड तास लागतो. शालेय भूगोलाच्या पुस्तकात शोभावे असे हे साधे, निर्विवाद वाक्य आहे. त्याच्यापुढे आता दुसरे वाक्य लिहून पाहावे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी हे गाव सुमारे १४० किलोमीटरवर आहे आणि तेथे पोचण्यास एस. टी.च्या गाडीला साडेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत. परंतु ती शेजारी शेजारी ठेवली की असे दिसते, की एक पंचमांश अंतराला दुपटीहून अधिक वेळ लागत आहे.

या दोन वाक्यांपैकी पहिले जाहिरातींत, वेळापत्रकांत आणि भाषणांत वारंवार येते. दुसरे मात्र ज्यांना ते अनुभवावे लागते त्यांच्याच माहितीचे राहते. मुलाखतीसाठी मुंबईस निघालेला आरमोरीचा पदवीधर, खात्याच्या कामासाठी संचालनालयात जाणारा कारकून किंवा आजारी वडिलांना नागपूरच्या रुग्णालयात नेणारा मुलगा यांच्यापैकी कोणाचाही प्रवास विमानतळावर सुरू होत नाही आणि विमानतळावर संपतही नाही. दोन विमानतळांमधील अंतर हा प्रवासाचा केवळ एक तुकडा आहे आणि सर्व तुकड्यांत तोच सर्वांत बिनबोभाट पार पडतो. अंतराची मोजणी कोठून सुरू करावयाची, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ भूगोलाचा राहत नाही. राज्याच्या नियोजनाचाही तो प्रश्न ठरतो.

आकाशातील सरळ रेषा

विमानाचे अंतर कसे मोजतात हे मुळातच पाहण्यासारखे आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन शहरांच्या दरम्यान दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेने जाईल ती वाट सर्वांत जवळची. गणितात तिला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात. मुंबई ते लंडन हे अंतर या रीतीने सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. वैमानिक आजही सागरी मैल वापरतात. हा मैल १,८५२ मीटरांचा, म्हणजे अक्षांशाच्या एका कलेएवढा असतो. कोणा राजाच्या हाताच्या किंवा पावलाच्या लांबीवरून न घेता तो पृथ्वीच्याच अंगावरून घेतलेला आहे.

अंतर असे नेमके ठरले, तरी वेळ मात्र तितका नेमका ठरत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लंडनला जाताना विमानाला या वाऱ्यांशी झुंजावे लागते आणि परतताना तेच त्याला ढकलत आणतात. त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेत तासाभराचा किंवा त्याहून अधिक फरक पडू शकतो. शिवाय वेळापत्रकात दिलेला काळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे सरकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालणे हे सारे त्यात आले. मुंबई-नागपूरच्या दीड तासात पूर्ण वेगाने उडण्याचा काळ तासाभराहून कमीच भरतो.

त्यात घड्याळांचा गोंधळ निराळाच. हिवाळ्यात मुंबईहून पहाटे दोन वाजता निघालेले विमान साडेनऊ तासांनी लंडनला उतरते, तेव्हा तेथे सकाळचे सहाच वाजलेले असतात. घड्याळे पाहिली तर प्रवास चार तासांचा झाला. प्रवाशाच्या पोटाला मात्र साडेअकरा वाजल्याचे पक्के ठाऊक असते. विद्यार्थ्यांना रेखांशाचा धडा शिकविण्यास यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आणि आकाशातील रेषाही नेहमीच सरळ राहते असे नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैपर्यंत पूर्णपणे उघडले नाही. २०२५ च्या एप्रिलात भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. उत्तर भारतातून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना त्या त्या काळात दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोपीय कंपन्यांना रशियाचा आकाशमार्ग बंद झाला. हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांच्या आसपास पोचणारे विमान त्यानंतर सुमारे तेरा तास घेऊ लागले. पृथ्वीगोलावरील दोरा तोच होता, दोन्ही शहरे आपापल्या जागीच होती, तरीही ती साडेतीन तासांनी एकमेकांपासून दूर गेली. आकाशमार्गासारख्या मोकळ्या वाटेचीही ही अवस्था असेल, तर नद्या, नाले आणि अरण्ये यांतून जाणाऱ्या वाटेबद्दल काय बोलावे?

थांबलेला वेग

विमानप्रवासाचा इतिहास हा अंतर आटत गेल्याचा इतिहास आहे, असे सामान्यतः मानले जाते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा पुसमॉथ विमानाने निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या धावपट्टीवर उतरले. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचे पहिले विमान कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत मुंबईहून लंडनला गेले. तत्पूर्वी ज्या प्रवासाला बोटीने दोन-तीन आठवडे लागत, तो आता दिवसांत मोजला जाऊ लागला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि दिवसांची जागा तासांनी घेतली.

परंतु एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्या १९६० च्या जेट विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटरांच्या आसपास होता आणि आजच्या अद्ययावत प्रवासी विमानाचा वेगही जवळजवळ तेवढाच आहे. मध्यंतरी १९७६ पासून काँकॉर्ड विमानाने ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेऊन पाहिले. पण तो खर्च परवडला नाही आणि २००३ मध्ये ती विमाने कायमची जमिनीवर आली. विमाने मोठी झाली, इंधन कमी पिऊ लागली, न थांबता अधिक दूर जाऊ लागली हे सर्व खरे आहे. तथापि विमानाचा मूळ वेग साठ वर्षांहून अधिक काळ जेथल्या तेथेच आहे.

उलट, जमिनीवरचा वेळ वाढत गेला. पूर्वी प्रवासी विमान सुटण्याच्या थोडे आधी येऊन थेट शिडी चढत असे. आता सामानाची तपासणी, अंगझडती आणि रांगा यांसाठी देशांतर्गत प्रवासालाही दोन तास आधी येण्याची सूचना असते. म्हणजे दीड तासाच्या उड्डाणासाठी दोन तासांची प्रतीक्षा! आकाशात वाचलेला वेळ विमानतळाच्या दारातच खर्ची पडतो. यातून निघणारा निष्कर्ष उघड आहे. यापुढे प्रवाशाचा वेळ वाचवावयाचा असेल, तर तो बव्हंशी जमिनीवरच वाचवावा लागेल.

मध्यरात्रीचे नागपूर

नागपूरच्या वाट्याला या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आले आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि उजाडण्याच्या वेळी चारही विमाने आपापल्या शहरी परतलेली असत. मुंबईस संध्याकाळी टाकलेले पत्र कलकत्त्याच्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी पडू शके. १९७३ पर्यंत ही सेवा चालली. देशाच्या मध्याशी असण्याचा एवढा चोख उपयोग क्वचितच कोणत्या शहराने करून दिला असेल.

त्याच नागपुरात १९०७ साली उभारलेला सर्वेक्षण खात्याचा स्तंभ आहे. झिरो माइल या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या शेजारच्या षट्‌कोनी दगडावर काही गावांची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत. त्यांत चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, १२५ मैलांवर असल्याचे लिहिले आहे. १२५ मैल म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. आज नागपूर-चंद्रपूर रस्ता साधारण दीडशे किलोमीटरांचा आहे. दगडावर कोरलेले अंतरसुद्धा अढळ नसते, हा बोध त्या दगडाजवळून रोज जाणाऱ्या हजारो लोकांपैकी कितीजण घेत असतील?

परंतु या प्रकरणाला दुसरी बाजू आहे. ज्या काळात नागपूरच्या आकाशात चार महानगरे रोज रात्री भेटत होती, त्याच काळात तेथून दीड-दोनशे किलोमीटरांवरील अरण्यप्रदेशात पत्र पोचण्यास किती दिवस लागत? मुंबई-कलकत्ता हे अंतर एका रात्रीत कापणारी थैली नागपूरच्या पुढे रेल्वेने, मग मोटारीने, मग सायकलीने आणि शेवटी डाकवाल्याच्या पायांनी जात असे. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे काठावर थांबून डोंग्याची वाट पाहणे एवढेच त्याच्या हाती उरे. दूरच्यांना जवळ आणणारे केंद्र आपल्या जवळच्यांना आपोआप जवळ आणतेच असे नाही. नागपूरच्या त्या मध्यरात्रींनी शिकविलेला हा धडा आजही जुना झालेला नाही.

आरमोरी केंद्र धरून

१८८१ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक अभिनव नकाशा प्रसिद्ध केला. त्यात त्याने लंडन हे केंद्र धरले आणि तेथून जगातील कोणत्या ठिकाणी किती दिवसांत पोचता येते, त्याप्रमाणे रंग भरले. दहा दिवसांच्या आतील प्रदेश एका रंगाचा, वीस दिवसांच्या आतील दुसऱ्या रंगाचा, असे करीत चाळीस दिवसांहून अधिक लागणाऱ्या प्रदेशापर्यंत तो गेला. मैलांचा हिशेब त्याने सोडून दिला होता. त्यामुळे बंदरे जवळ आली आणि खंडांचे अंतर्भाग दूर गेले.

असाच एक नकाशा आरमोरी हे केंद्र धरून काढला तर तो कसा दिसेल? आरमोरी वैनगंगेच्या पूर्वतीरावर आहे. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा येणारा रस्ता वैनगंगा ओलांडून येथे पोचतो आणि साकोली-वडशाकडून गडचिरोली, आष्टी, आलापल्लीमार्गे सिरोंच्याला जाणाऱ्या रस्त्याला मिळतो. धानाच्या बांध्या आणि टसर रेशमाचे कोश यांसाठी हा परिसर ओळखला जातो. जिल्ह्यातील रेल्वेस्थानक वडसा, म्हणजे देसाईगंज, येथून अवघ्या वीसेक किलोमीटरांवर आहे. तेव्हा गडचिरोली जिल्ह्याच्या मानाने आरमोरी हे सोयीचेच गाव म्हणावयाचे.

या नकाशातील पहिले वर्तुळ अर्ध्यापाऊण तासाचे. त्यात वडसा आणि ब्रह्मपुरी येतील. तासाभराच्या वर्तुळात गडचिरोली येईल. साडेतीन तासांच्या वर्तुळाच्या कडेला नागपूर. आता विमान धरले, तर नागपूरपर्यंतचे साडेतीन तास, विमानतळावरील दोन तास आणि उड्डाणाचा दीड तास मिळून सात तासांच्या वर्तुळावर मुंबई येते. दिल्लीही जवळपास तेथेच येते. आणि त्याच वर्तुळाच्या आसपास दक्षिणेच्या बाजूला कोण येते? भामरागड आणि सिरोंचा! आरमोरीपासून भामरागडचे सरळ अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरांच्या दरम्यान भरेल. पण रस्ता दोनशे किलोमीटरांहून लांब आहे आणि एस. टी.च्या प्रवासाला पाच-सहा तास सहज जातात. सिरोंचा त्याहून दूर. याचा अर्थ असा, की आरमोरीच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याचे दक्षिण टोक राज्याच्या राजधानीइतकेच दूर आहे.

शिवाय हे वर्तुळ बारमाही नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावर भामरागड वसले आहे. पर्लकोटेचा पूर जुन्या ठेंगण्या पुलावरून वाहू लागला म्हणजे तालुक्याच्या या गावाचा जगाशी संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. जानेवारीत सहा तासांवर असलेले गाव जुलैत दोन दिवसांवर जाते. हेलसिंकी आणि टोकियो यांमधील वाढलेल्या साडेतीन तासांची नोंद जगभरच्या वृत्तपत्रांनी घेतली. पर्लकोटेच्या काठी अडकलेल्या दोन दिवसांची नोंद जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत संपते.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. या भागाला लावले जाणारे ‘दुर्गम’ हे विशेषण जणू निसर्गदत्त आहे, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः आरमोरी तालुक्यातील वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ऐन-ए-अकबरीत आहे. ज्या गावाची कीर्ती सोळाव्या शतकात मोगल दरबारापर्यंत पोचली होती, ते गाव त्या काळाच्या हिशेबाने दुर्गम नव्हते. रेल्वे, डांबरी सडक आणि विमान ही साधने इतरत्र गेली, त्यामुळे इतर गावे एकमेकांच्या जवळ सरकली आणि हा प्रदेश न हलताच दूर पडला. दुर्गमता ही जमिनीत उपजत नसते, ती कालांतराने घडविली जाते. जी घडविली गेली ती मोडताही येते.

तीन वाटा

अंतर कमी करण्याच्या वाटा तीन आहेत. वाहन वेगवान करणे ही पहिली, रस्ता सरळ आणि बारमाही करणे ही दुसरी. तिसरी वाट सर्वांत कमी बोलली जाते. ज्यासाठी माणसाला दूर जावे लागते, ती गोष्टच त्याच्या जवळ नेऊन ठेवणे ही ती वाट होय.

या तिसऱ्या वाटेचा इतिहास गडचिरोलीला चांगला परिचित आहे. १९८२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी, वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण झाली असताना, कराची-मुंबई हा आपला पन्नास वर्षांपूर्वीचा विमानप्रवास पुन्हा एकदा केला आणि देशाने त्याचे कौतुक केले. त्याआधी दोनच महिने, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला होता. तोपर्यंत सिरोंच्याच्या किंवा कुरखेड्याच्या शेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीसाठी चंद्रपूर गाठावे लागे. नव्या जिल्ह्याने कोणत्याही वाहनाचा वेग वाढविला नाही, परंतु हजारो माणसांच्या हजारो फेऱ्या त्याने आखूड केल्या. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना हाच अनुभव आला. तोपर्यंत त्यांचे विद्यापीठ नागपूरला होते.

आरोग्याच्या क्षेत्रात तर अंतर हा थेट जीवनमरणाचा प्रश्न असतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांत स्त्रीचे प्राण जाऊ शकतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. तिच्या दृष्टीने दोन तासांपलीकडचे रुग्णालय, मग ते कितीही सुसज्ज असो, अस्तित्वातच नसते. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे जाऊन राहिले, त्यामागचे एक कारण हेच होते. रुग्ण शहरापर्यंत पोचू शकत नव्हते, तेव्हा दवाखाना त्यांच्यापर्यंत गेला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने याच जिल्ह्यात त्याहीपुढचे पाऊल टाकले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची देखभाल त्यांच्या घरीच करता येते, हे या संस्थेने ३९ गावांतील प्रयोगातून दाखविले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालकांचे मृत्युप्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली. शासनाच्या ‘माहेरघर’ योजनेमागेही हाच विचार आहे. दूरच्या पाड्यावरील गरोदर स्त्रीने दिवस भरण्यापूर्वीच आरोग्यकेंद्राच्या आवारात येऊन राहावे, म्हणजे ऐन वेळी नाला आडवा येणार नाही. रस्ता जेथे आखूड होत नाही, तेथे प्रवासच आधी उरकून घेण्याची ही युक्ती आहे.

या वाटेचे महत्त्व मान्य केले, तरी पहिल्या दोन वाटा सोडून देता येणार नाहीत. शस्त्रक्रिया, उच्च शिक्षण आणि नोकरी यांसाठी माणसाला बाहेर जावे लागणारच. म्हणून येथे दळणवळणाच्या योजनांचा विचार करणे प्राप्त आहे.

धावपट्टी आणि एस. टी.चा थांबा

गडचिरोलीला विमानतळ हवा, अशी मागणी होते आणि तशा घोषणाही अधूनमधून ऐकू येतात. या मागणीला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. निवडणुकीच्या वेळी एटापल्ली, भामरागडसारख्या भागांत मतदानाचे कर्मचारी हेलिकॉप्टरने न्यावे लागतात, यावरूनच आकाशमार्गाची गरज स्पष्ट होते. परंतु धावपट्टी म्हणजे विमानसेवा नव्हे. चंद्रपूरजवळ मोरवा येथे धावपट्टी आहे, तरी चंद्रपूरचा विमानप्रवासी नागपूरलाच जातो. गोंदियाजवळ बिरसी येथे २०२२ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच थांबली. २०२३ च्या अखेरीस ती दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. पुरेसे प्रवासी नसतील तर विमान येत नाही, आणि ज्या भागात तिकिटाचे पैसे हेच सर्वांत मोठे अंतर असते, तेथे पुरेसे प्रवासी कोठून येणार?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. तो २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला आणि आठ तासांत हे अंतर तोडता येईल, असे सांगितले गेले. भंडाऱ्याहून गडचिरोलीपर्यंत द्रुतगती मार्ग नेण्याची योजनाही आखली गेली आहे. या गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु वडसा-गडचिरोली हा आरमोरीवरून जाणारा सुमारे ५२ किलोमीटरांचा रेल्वेमार्ग भूसंपादन आणि वनजमिनीच्या परवानग्या यांत वर्षानुवर्षे रेंगाळला. नागपूर-नागभीड ही नॅरोगेजची जुनी गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा गरीब प्रवाशाचे स्वस्त साधन काढून घेतले गेले. सातशे किलोमीटरांचा नवा महामार्ग काही वर्षांत उभा राहतो आणि पन्नास किलोमीटरांच्या लोहमार्गाला त्याहून अधिक काळ लागतो, यातून नियोजनाचा अग्रक्रम काय आहे हे कळून येते.

जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग अरण्याने व्यापलेला आहे. ते अरण्य टिकलेच पाहिजे, आणि म्हणून प्रत्येक रस्ता रुंद झालाच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही. पण अरण्याला धक्का न लावताही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. बुडणारे पूल उंच करता येतात. एस. टी.च्या फेऱ्या वडशाच्या गाड्यांच्या वेळांशी जुळविता येतात. नागपूरच्या पहाटेच्या विमानासाठी किंवा तेथील रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेसाठी आरमोरीहून एखादी रात्रीची फेरी ठेवता येते. दोन तासांच्या प्रवासासाठी चार तास फाट्यावर बसून राहणे, हा ग्रामीण प्रवासातील सर्वांत लांब टप्पा आहे आणि तो कोणत्याही नकाशावर दिसत नाही. खनिज वाहून नेणाऱ्या मालमोटारींसाठी रस्ता झाला आणि त्याच रस्त्यावर एस. टी.ची दिवसातून एकच फेरी राहिली, तर अंतर खनिजाचे कमी झाले, माणसाचे नाही, असेच म्हणावे लागेल.

शासनाने गावागावांची अंतरे किलोमीटरांत प्रसिद्ध केलेली आहेत. आता ती तासांतही प्रसिद्ध करावीत. प्रत्येक गावापासून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय, महाविद्यालय, रेल्वेस्थानक आणि जिल्ह्याची कचेरी सार्वजनिक वाहनाने किती तासांवर आहे, हे तालुक्याच्या कचेरीत फलकावर लावावे आणि दरवर्षी ते आकडे पुन्हा मोजावेत. तसे झाले तर विकासाच्या गोष्टी मोघम राहणार नाहीत. या कामी शिक्षक आणि विद्यार्थी यांचे मोलाचे साहाय्य होऊ शकेल. एखाद्या शाळेने आपले गाव केंद्र धरून गाल्टनसारखा नकाशा तयार केला, तर भूगोलाचा तो उत्तम पाठ ठरेल आणि प्रशासनाला तो एक दस्तऐवजही होईल.

आरमोरीहून मुंबई किती तास, या प्रश्नाचे उत्तर आज साधारण सात तास असे देता येते. त्यातला आकाशातील दीड तास जगातील उत्तमोत्तम अभियंते, वैमानिक आणि हवामानतज्ज्ञ मिनिटांपर्यंत मोजतात. उरलेल्या साडेपाच तासांची मोजणी करणारा कोणी नेमलेला नाही. आणि आरमोरीहून भामरागड किती तास, असे विचारले तर आधी उलट प्रश्न करावा लागतो: कोणत्या महिन्यात? ज्या दिवशी हा उलट प्रश्न विचारण्याची गरज उरणार नाही आणि जुलैतले उत्तर जानेवारीतल्या उत्तरासारखेच असेल, त्या दिवशी या प्रदेशापुढील ‘दुर्गम’ हे विशेषण खोडून टाकण्यास हरकत नाही.